जळगावात आलात तर मेहरूण तलावाला असं जा
पहिलं म्हणजे दुपारी जाऊच नका भाऊ, मे महिन्यात जळगावचा पारा 45 ला टेकतो आणि पाण्याजवळ गारवा असेल ही समजूत तिथं पार वितळते. सकाळी सहाला निघा, काठाने पायी फिरा, वॉकवाली मंडळी भेटतातच. हिवाळ्यात आलात तर मेहरूणची बोरं घ्या, पण आधी एक चाखून मगच पाव किलो सांगा (दरवेळी जाड सालीची माझ्याच पिशवीत कशी येतात देव जाणे). पोरं सोबत असतील तर संध्याकाळी भाऊंचे उद्यान, आणि अर्धा दिवस हाताशी असेल तर रिक्षाने जैन हिल्सवरचं गांधी तीर्थ, म्हणजे गांधीजींवरचं संग्रहालय, 2012 ला सुरू झालेलं, घाईत बघू नका. रात्री भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, सोबत कच्चा कांदा.