मैद्याच्या खळीने भिंतीवर चित्र लावताना

खळीने भिंतीवर निषेधाचे चित्र चिकटवण्याची कला शिकायची असेल, तर कागद हातात घेण्याआधी भिंत निवडावी. नाशिकच्या चौकाचौकांत वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स इतके आहेत की आणखी एक चौकोनी पत्रक कोणाच्या नजरेत भरत नाही. मात्र सांडपाण्याच्या पाइपात चोच घालून उभा असलेला कागदी बगळा दिसला, तर माणूस थांबतो आणि त्याखाली गोदावरीविषयी विचारलेला एका ओळीचा प्रश्नही वाचतो. म्हणून पाइप, तडा किंवा बुजवलेली खिडकी असे जे भिंतीवर आधीच आहे, त्याला चित्रात काम द्यावे आणि कागद आकृतीच्या कडेने कापून घ्यावा. मजकूर जितका कमी, तितका चांगला.

मालमत्तेचे विद्रूपण रोखणारा १९९५ चा कायदा महाराष्ट्रात लागू आहे; त्यामुळे सोसायटीचे कुंपण असो की दुकानाचे शटर, मालकाची लेखी परवानगी घ्यावी. परवानगीने निषेधाची धार जाते असे काहींना वाटते, पण मला ते पटत नाही. अशी चित्रे उलट अधिक काळ टिकतात. पांडवलेणी हे संरक्षित स्मारक आहे आणि काळाराम मंदिर किंवा गोदाघाट येथील जुन्या दगडी बांधकामाला खळीचा हातही लावू नये, कारण ती दगडाच्या छिद्रांत शिरून बसते. चित्र निवडणुकीसंबंधी असेल, तर त्यावर मुद्रक व प्रकाशक यांचे नाव आणि पत्ता छापणे बंधनकारक आहे.

कागद पातळ व बिनचकाकीचा हवा. झेरॉक्सची काळी छपाई ओली झाली तरी पसरत नाही, इंकजेटची शाई मात्र बहुधा फुटते. मोठे चित्र ए-थ्री आकाराच्या तुकड्यांत छापून, मागे क्रमांक लिहून, भिंतीवर जोडता येते.

खळीसाठी एक वाटी मैदा एक वाटी थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवावा, चार वाट्या पाणी उकळून त्यात ते मिश्रण बारीक धारेने सोडावे आणि पांढरटपणा जाऊन खळ कढीसारखी दाट होईपर्यंत मंद आचेवर सतत ढवळावे. थंड झाल्यावर ती आणखी घट्ट होते. तेव्हा थोडे गरम पाणी घालून कापडातून गाळावी. कणीकही चालते, पण कोंड्यामुळे पृष्ठभाग खरखरीत होतो. खळ उन्हाळ्यात लवकर आंबते, म्हणून लागेल तेवढीच शिजवावी. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे. रस्त्यावरच्या कामात ती पाळू नये, कारण मोकाट गाई खळीसाठी कागद ओढून खातात आणि मोरचूद विषारी असते. याच कारणाने चित्र गाईचे तोंड पोहोचणार नाही इतक्या उंचीवर लावलेले बरे.

भिंतीवरची धूळ झाडून, सुटलेले पोपडे खरवडून काढावेत. चुन्याच्या भुसभुशीत भिंतीवर कागद पोपड्यासकट गळून पडतो. चार इंची ब्रशने प्रथम भिंतीला खळ लावावी, कागद वरच्या कडेपासून टेकवत खाली सोडावा आणि मध्यापासून बाहेरच्या बाजूला ब्रश ओढत हवा काढावी. लगेच कागदावरूनही खळीचा पातळ हात द्यावा व कडा, विशेषतः कोपरे, दोनदा भिजवावेत, कारण कागद सुटू लागतो तो तिथूनच. ओल्या कागदाला सुरकुत्या पडल्या तरी घाबरून तो उचलू नये. वाळताना बहुतेक सुरकुत्या ताणल्या जातात. एप्रिल-मे महिन्यांत भिंतीवरचे ऊन सरल्यावरच काम सुरू करावे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये, भिंती ओल धरून असताना, हे काम काढूच नये.

चित्र भिंतीवरून उतरवताना त्यावर कोमट पाणी मारून दहा-पंधरा मिनिटे थांबावे, बोथट पट्टीने कागद सोडवावा आणि उरलेली खळ ओल्या स्पंजने पुसावी. डिस्टेंपरच्या भिंतीवर कागदाबरोबर थोडा रंगही निघतो, हे मालकाला परवानगी घेतानाच सांगून ठेवावे.