'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' म्हणायच्या आधी काय काय करावं

२०२५ च्या गणपतीत आमच्याकडे दीड दिवसात दोनदा भांडण झालं आणि दोन्ही वेळा विषय एकच, माझ्या तेरा वर्षांच्या पोराच्या हातातला फोन. मामा म्हणाला ही पिढी वाया गेली, दिवसभर नुसत्या गोळ्या घालत बसतात. पाचच मिनिटांनी तोच मामा दारात चपला घालता घालता माझ्या भावाला सांगत होता की त्याच्या क्रिकेटची टीम लावायच्या ॲपवरचे (खऱ्या खेळाडूंची मनातली टीम बनवून पैसे लावायचे ते) पैशाचे कॉन्टेस्ट बंद झालेत, आता मॅच बघायला मजाच नाही राहिली. मला हसू येत होतं पण हसलो नाही, कारण मी पण काही धुतल्या तांदळासारखा नाहीये, ते खाली येईलच.

तर हे त्या लोकांसाठी आहे ज्यांना घरात गेम, पिक्चर, वेब सिरीज असल्या गोष्टींवर मत द्यावंच लागतं, आई-बाबा असाल, काका-मामा असाल नाहीतर नुसते मोठे भाऊ-बहीण. मत द्या की, कोण नाही म्हणतंय, फक्त ते बनवायची थोडी रीत असते आणि ती मी बऱ्याच चुका करून शिकलोय.

सगळ्यात आधी गेमचं नाव विचारा. हसू नका, निम्मी भांडणं इथेच संपतात. आमची आई फोनवर जे काही हलतं त्याला पब्जीच म्हणते, पोरगा फुटबॉल खेळत असला तरी पब्जी. आणि तिला अजूनही वाटतं की सरकारने पब्जी बंद केला तो मारामारीमुळे. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जी मोबाईल इतर ११७ ॲप्सबरोबर बंद झाला तेव्हा सरकारने कारण दिलं होतं ते डेटाचं आणि देशाच्या सुरक्षेचं, रक्तपाताचं नाही. हां, त्याच्या आधी २०१९ ला राजकोटला पोलिसांनी पब्जीवर बंदी घालून खेळणाऱ्या पोरांना पकडलं होतं, ते मात्र संस्कार-अभ्यास वाल्या कारणाने. म्हणजे एकाच गेमवर दोन बंदी, कारणं पूर्ण वेगळी, आणि आपण दोन्हीचं भरीत करून ग्रुपवर फॉरवर्ड करतो.

नाव कळलं की प्ले स्टोअरवर जाऊन वयाचा शिक्का बघा, तीस सेकंदाचं काम आहे. पिक्चरचं पण तसंच, आता सेन्सॉर बोर्ड नुसतं यूए देत नाही, यूए ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग केलेत, तिकीट काढताना तेवढं वाचत जा. पण शिक्क्यावर फार विसंबू नका. हे शिक्के पण मुळात आरडाओरड्यातूनच आलेत. अमेरिकेत १९९३ ला मॉर्टल कॉम्बॅट नावाच्या मारामारीच्या गेमवरून तिथल्या सिनेटमध्ये सुनावणी झाली, मग १९९४ ला गेम कंपन्यांनी स्वतःच रेटिंग बोर्ड काढलं, नाहीतर सरकार काढेल या भीतीने. त्यातली गंमत म्हणजे निन्टेंडो कंपनीने आपल्या गेमच्या मशीनवर रक्ताचा रंग काढून राखाडी घाम दाखवला, सेगा या दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर एक कोड टाकला की लाल रक्त यायचं, आणि पोरांनी विकत घेतला तो सेगावाला. पोरं कुठलीही असोत, झाकलेलं आधी उघडतात.

आता जरा अवघड काम. तासभर स्वतः खेळा, पोराच्या शेजारी बसून. मला वाटलं होतं मी पाच मिनिटांत कंटाळेन, तसं काही झालं नाही, मी पाच मिनिटांत मेलो. चार वेळा मेलो. पोरगा म्हणाला बाबा तुम्ही उभे राहून पळताय म्हणून मरताय, वाका जरा. त्या एका तासात मला जे कळलं ते दोन वर्षं बाहेरून ओरडून कळलं नव्हतं. बंदुकीचं मला काही वाटलं नाही, ती कार्टूनसारखी वाटते, बीजीएमआयमध्ये, म्हणजे पब्जीच्या भारतासाठीच्या अवतारात, तर रक्त हिरवं ठेवलं होतं. पण माइकवर अनोळखी लोक ज्या शिव्या देत होते, आई-बहिणीवरून, तेरा वर्षांच्या मुलाला, आणि एका मुलीचा आवाज आल्यावर जे काय चालू झालं, ती बिचारी माइक बंद करून गप्प झाली, ते ऐकून माझं डोकं फिरलं. पोराला त्यात काही विशेष वाटलंच नाही. म्हणजे मी ज्याच्यावर दोन वर्षं भांडत होतो ते चुकीचंच होतं, खरा त्रास कानातून आत जात होता आणि मी स्क्रीनकडे बघत होतो.

म्हणून मत बनवताना आपल्याला नक्की काय खुपतंय ते वेगळं काढा, गहू-खडे निवडतात तसं. हिंसा खुपते का, भाषा, वेळ, की पैसे? का नुसतंच 'मला कळत नाही म्हणून वाईट'? हे शेवटचं फार असतं, प्रामाणिकपणे सांगतो. वेळ खुपत असेल तर वेळेबद्दल बोला, तिथे संस्कार आणू नका, पोरगा सहा तास क्रिकेट खेळून आला तरी अभ्यास बुडतोच.

पैशाचं मात्र नीट बघा, मला सगळ्यात धोकादायक तेच वाटतं आणि घरात त्याच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. बीजीएमआय २०२१ ला आला तेव्हा अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा होती, चांगलं आहे, पण खर्चाची मर्यादा किती, तर दिवसाला ७००० रुपये. दिवसाला! आमच्या सोसायटीचा महिन्याचा मेंटेनन्स तेवढा नाही. कपडे, बंदुकीचे रंग, पेट्या, आणि पेटीत काय निघेल ते उघडल्याशिवाय कळत नाही. आता असं बघा, पैसे टाकायचे आणि नशिबाने काय येतं ते बघायचं याला आपल्याकडे जुना शब्द आहे, पण पेटी रंगीत असली की तो तोंडातून निघत नाही.

आणि इथे मोठ्यांनी स्वतःलाच त्याच तराजूत घालायचं. मटका म्हटलं की आमचा मामा नाक मुरडतो, पण रमी चालते, कारण १९६८ ला सुप्रीम कोर्टाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलंय, हे त्याला पाठ आहे. टीम लावणं पण चालतं, कारण क्रिकेटर जाहिरात करायचे आणि नाव टीम इंडियाच्या जर्सीवर होतं. मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन गेम बंद, कौशल्य असो नाहीतर नशीब, आणि ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, मात्र मान्यता. जर्सीवरचं ड्रीम इलेव्हनचं, म्हणजे त्या टीम लावायच्या ॲपचं, नाव पण गेलं. म्हणजे आठवड्याभरात मामाचा 'अभ्यासपूर्ण छंद' बेकायदेशीर धंद्यात मोडला आणि पोराची 'वाया जायची लक्षणं' खेळ म्हणून कायद्यात आली. मामा तोच, पोरगा तोच. पान तेवढं पलटलं.

माझंही सांगतो. कॉलेजात असताना सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन मी व्हाइस सिटी नावाचा कॉम्प्युटर गेम खेळायचो, लोकांच्या गाड्या चोरायच्या, पोलीस मागे लागले की गाडी रंगवून आणायची, पँझर टाईप करून रणगाडा मागवायचा आणि अख्खा रस्ता साफ. घरी सांगितलेलं असायचं की प्रोजेक्टची प्रिंट काढायला गेलोय. तेव्हा 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' हे वाक्य माझ्या तोंडी शोभत नाही, आणि तुम्ही पण आपापलं आठवून बघा.

अजून एक करा, 'आमच्या वेळी' म्हणजे नक्की कधी ते ठरवा, वर्ष सांगा. १९१३ ला फाळक्यांना राजा हरिश्चंद्रमध्ये तारामतीसाठी बाई मिळाली नाही, पिक्चरमध्ये काम करणं इतकं वाईट समजलं जायचं, शेवटी अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने तारामती केली. र. धों. कर्व्यांवर संततिनियमन आणि लैंगिक शिक्षणावर लिहिलं म्हणून अश्लीलतेचे खटले झाले, एकात त्यांची बाजू बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली तरी शिक्षा झाली, आणि पुढे तेच कुटुंबनियोजन सरकारने दवाखान्यांच्या भिंतींवर रंगवलं.

पण उगाच सगळं सैल होत चाललंय असं पण धरू नका, उलटं पण होतं. पूर्वीच्या पिक्चरमध्ये हिरो हिरॉइनच्या मागे गाणं म्हणत फिरायचा, ओढणी ओढायचा, आणि आपण शिट्ट्या मारायचो, आज माझी पुतणी तेच गाणं बघून म्हणते काका ही तर पोलीस केस आहे. तिचं बरोबर आहे. सिगारेट ओढताना खाली इशारा येतो. गोरं करणाऱ्या क्रीमला २०२० ला नाव बदलावं लागलं. काळ्या रंगावरचे, जाड मुलीवरचे जोक आमच्या लहानपणी लग्नाच्या पंगतीत चालायचे, आता पोरं तोंडावर थांबवतात. म्हणजे तीच पोरं जी गेममध्ये गोळ्या घालतात, ती काही बाबतीत आपल्यापेक्षा कडक आहेत. मत देताना हे पण धरा, नाहीतर पोरं तुम्हाला दोन मिनिटांत गप्प करतील, आणि करावंच.

बोलायचं कसं, तर जेवताना नको, पाहुण्यांसमोर तर नकोच, आणि गेममधली मॅच चालू असताना मुळीच नको, त्याची टीम मरते आणि राग तुमच्यावर निघतो. मॅच संपू द्या. 'हे वाईट आहे' म्हणायच्या ऐवजी 'मला हे एवढं खटकलं' म्हणा आणि एकच गोष्ट काढा. मी फक्त माइकचं काढलं. आमचं ठरलं की अनोळखी टीममध्ये व्हॉइस बंद, मित्रांबरोबर चालू, आणि कोणी घाण बोललं तर रिपोर्ट करायचं, सहन करत बसायचं नाही. बंदुकीचा विषय मी सोडून दिला. त्याने मला विचारलं तुम्ही तेव्हा आजोबांना सांगितलं होतं का व्हाइस सिटीचं, मी म्हटलं नाही, तो म्हणाला मग मी तर तुम्हाला शेजारी बसवून खेळतोय. याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, तुमच्याकडे असेल तर कळवा.

राहिले पैसे. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं करून ठेवा, आणि यूपीआयचा पिन पोराच्या वाढदिवसाची तारीख ठेवू नका. माझा तोच होता.