शेवंतीची कलमं काळी पडतात? या चुका टाळा

पावसाळा लागला की बेळगावच्या आसपास गावोगावी शेवंतीच्या काड्या खोचल्या जातात, आणि झडीत त्यातल्या बऱ्याच काळ्या पडतात. दोष पावसावर जातो. माझ्या मते चूक काडी तोडतानाच झालेली असते.

निबर किंवा कळी धरलेली काडी घेऊ नका. येळ्ळूरच्या आमच्या एका काकांनी दिवाळीनंतर फुलावरच्या झाडाच्या वीतभर काड्या कळ्यांसकट लावल्या. "कळ्या खुडा की ओ," म्हटलं, तर म्हणाले, "राहू दे, लवकर फुलंल." फुललीही! काहींवर तेवढ्याच उंचीवर एकेक फूल आलं आणि झाड तिथंच अडलं. बाकीच्या काड्या बुडातून कुजल्या. रात्र मोठी झाली की शेवंती कळी धरते, मग काडीतला जोर मुळांकडं जात नाही. घाई करणाऱ्यांना हे कितीही सांगा, फूल दिसलं की त्यांचा हात आवरत नाही.

म्हणून फुलं संपली की झाड जमिनीलगत छाटा. बुडातून येणारे मुनवे वाढवा आणि जून-जुलैत त्यांचे 5 ते 7 सेंमीचे कोवळे शेंडे घ्या. शेंडा वाकवला की कचकन तुटला पाहिजे. नुसता लवला तर तो सोडून द्या. मी खालची पानं काढून पेराच्या जरा खाली नव्या ब्लेडनं काप घेते. बोथट कात्रीनं देठ चेचतो.

दुसरी खोड म्हणजे मुळं फुटली का बघायला काडी उपटणं. नुकती फुटलेली बारीक मुळं तिथंच तुटतात. दोन-तीन आठवडे हात लावू नका. मग हलकेच ओढून बघा, काडीनं धरून ठेवलं की समजा मूळ आलं.

काड्या खोचायच्या ट्रेमधल्या वाळूत शेणखत नको, धुतलेली वाळू पुरे. पागोळ्यांखाली ट्रे ठेवू नका. प्लॅस्टिक झाकून उन्हात ठेवलं तर काड्या शिजतात. मुळं फुटायची पावडर जास्त लावून फायदा नाही. कोवळ्या शेंड्याला ती नसली तरी चालते.

खुरटलेल्या, फिक्या पानांच्या झाडाचं कलम फुकट मिळालं तरी घेऊ नका. शेवंतीचा खुजा रोग कलमातून पुढं जातो आणि त्याच ब्लेडनं शेजारच्या झाडालाही लागतो. त्यावर औषध नाही. असं झाड मुळासकट उपटून जाळा आणि ब्लेड बदला.