पावसाळ्याआधी आऊटबोर्डचं तेल बदलताना काय काय हाताशी पाहिजे (वॉशर, वॉशर आणि वॉशर)

मे अर्धा सरला की आऊटबोर्डचं, म्हणजे होडीच्या मागे लावलेल्या मोटरचं, तेल बदलायच्या तयारीला लागा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद, वॉटर स्पोर्ट्सवाल्यांची दुकानं त्याच्याही आधी मिटतात, होड्या वर ओढल्या जातात आणि मग सगळे म्हणतात "ऑइल काय, ऑगस्टात बदलू". तिथेच घोळ होतो. जुन्या तेलात जळलेल्या पेट्रोलचं आम्ल आणि पाण्याची वाफ मुरलेली असते, ते तसंच दोन-तीन महिने बेअरिंगवर बसून राहतं, त्यात आपल्याकडची जून-जुलैची हवा. म्हणून बदलायचं ते होडी झाकायच्या आधी. दुसरं असं की गियरमध्ये पाणी शिरलेलं निघालं तर सील बदलायला जूनमध्ये मेकॅनिक मोकळा असतो, नारळी पौर्णिमेच्या तोंडावर तो फोनसुद्धा उचलत नाही.

आता किती दिवसांनी हा प्रश्न. दिवसांनी नाही, तासांनी. फोरस्ट्रोकला नवीन इंजिन असेल तर पहिल्या २० तासांनी, नंतर दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, यातलं जे आधी येईल ते. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तकात हेच असतं, तरी आपल्या मॉडेलचं पान एकदा उघडून बघा. तारकर्लीला पर्यटक फिरवणारी बोट दिवसाला पाच तास चालली तर १०० तास वीस दिवसांत संपतात, म्हणजे तिला "वर्षातून एकदा" हे वाक्य लागूच नाही. उलट रविवारी गळ टाकायला जाणाऱ्याचे वर्षाला चाळीस तासही होत नाहीत, त्याने कॅलेंडर बघायचं. अवर मीटर नसेल तर वही ठेवा, अंदाज नको, अंदाज नेहमी आपल्या सोयीचाच निघतो. आणि हळू वेगात तासन् तास ट्रोलिंग (होडीमागे गळ ओढत फिरणं) करणारे असाल तर डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, बाहेर काढून वास घ्या, पेट्रोलचा वास येत असेल किंवा लेव्हल आपोआप वाढलेली दिसली तर १०० ची वाट बघू नका.

टूस्ट्रोकवाल्यांनो, पळू नका. "आपलं ऑइल पेट्रोलमध्येच मिक्स, बदलायचं काय" हे इंजिनपुरतं खरं आहे. खाली पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वर जो गियरचा डबा आहे त्यातलं तेल तुमच्याकडेही आहे, आणि खाऱ्या पाण्यात चोवीस तास बुडलेला असतो तो डबाच. तेही पहिल्या २० तासांनी आणि मग १०० तासांनी, काही पुस्तकांत सहा महिने लिहिलेत. मी तर म्हणतो पावसाळ्याआधी काहीही होवो, बदलाच.

सामान. तेल: फोरस्ट्रोकला एफसी-डब्ल्यू लिहिलेलं मरीन ऑइल, ग्रेड पुस्तकात असेल तो, बहुतेक १०डब्ल्यू-३० नाहीतर १०डब्ल्यू-४०. बाईकचं उरलेलं ओतू नका, मरीन तेलात गंजाविरुद्धचं जास्तीचं काही घातलेलं असतं. टूस्ट्रोकच्या मिक्सला टीसी-डब्ल्यू३, तिथेही स्कूटरचं टू-टी नको. गियरला मरीन हायपॉइड ९०. ऑइल फिल्टर ज्यांना आहे त्यांना. ट्रे, फडकी, हातमोजे, हे काय सांगायचं. गियर ऑइल भरायचा छोटा पंप, जो नोझलसकट तुमच्या होलला बसतो का हे दुकानातच बघा. मोठा, जाड पात्याचा स्क्रू ड्रायव्हर, कारण बारीक पात्याने खाच गेली की पुढचं सगळं छिन्नी-हातोड्यावर जातं.

आणि वॉशर. गियरच्या खालच्या ड्रेन स्क्रूचे (तेल सोडायच्या) आणि वरच्या लेव्हल स्क्रूचे वॉशर. नवीन. दोन्ही. काही मॉडेलला तीन असतात, मोजून घ्या. तेलाबरोबर, त्याच दिवशी, त्याच दुकानातून, आणि दुकानात नसतील तर तेलही घेऊ नका, कारण तेल हातात आलं की माणूस काम सुरू करतोच आणि मग "जुना चांगला दिसतोय की" म्हणून तोच परत लावतो. मी लावला. दिसायला खरंच चांगला होता. वॉशर एकदा दाबला गेला की त्याचं आयुष्य संपलं, दुसऱ्यांदा तो पाणी धरत नाही, थेंब थेंब आत येतं आणि वरून काही कळत नाही. पुढल्या वेळी डबा उघडला तर तेल दुधाच्या चहासारखं, बेअरिंगवर गंज, आणि मेकॅनिकने वर न बघता विचारलं, "मेल्या, वॉशर जुनोच लायलंस?" बिल सांगत नाही. वॉशर लिहून घ्या, यादीत सगळ्यात वर.

आता काम. आधी गोड्या पाण्याने फ्लश, इंजिन थोडं गरम होईपर्यंत चालू द्या, पण पाणी जोडूनच किंवा ड्रममध्ये मोटरचा पाय (खालचा भाग) बुडवून, कोरडं एक मिनिटही नाही, इंपेलरचं, म्हणजे थंड करायचं पाणी खेचणाऱ्या चाकाचं, रबर जळतं. गरम तेल पातळ होतं आणि गाळ घेऊन बाहेर येतं. मोटर सरळ उभी हवी, तिरकी नको. फोरस्ट्रोकचं इंजिन ऑइल काढा, फिल्टर बदला, नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला तेलाचं बोट फिरवा, भरा, इंजिनच्या ड्रेन बोल्टलाही वॉशर असतो, तोही नवीन. जास्त भरू नका, जास्त भरलं तर फेस होतो.

मग गियर. खालचा स्क्रू आधी, ट्रे धरून, मग वरचा, म्हणजे हवा आत जाऊन तेल सुटतं. स्क्रूच्या जवळ एखादा चौफुलीचा स्क्रू दिसला तर हात लावू नका, काही जुन्या मॉडेलमध्ये तो गियर टाकायच्या पिनचा असतो, तो काढलात की अख्खा डबा खोलावा लागतो. तेल बघा. काळपट ठीक आहे. दुधाळ असेल तर पाणी आहे. शंका असेल तर बाटलीत रात्रभर ठेवा, पाणी तळाला बसतं. स्क्रूला लोहचुंबक असेल तर त्यावर बारीक राखेसारखा लेप चालतो, कणी किंवा तुकडे नाही.

इथे थांबा आणि होलमध्ये टॉर्च मारा. जुना वॉशर बऱ्याचदा स्क्रूबरोबर येत नाही, डब्याला चिकटून राहतो, तुम्ही नवा त्यावर चढवता आणि दोन वॉशरमधून पाणी आत. म्हणजे वॉशर बदलूनही बदललेला नसतो! नखाने नाहीतर लाकडाच्या काडीने काढा, पोलादी टोच्याने बसायची जागा ओरखडेल.

भरायचं खालून. वरून ओतलं तर हवा अडकते आणि अर्धा डबा भरल्यावरच तेल बाहेर येऊन फसवतं. खालच्या होलला पंप लावा, वरून बुडबुडे न येता तेल येऊ लागलं की आधी वरचा स्क्रू, नवीन वॉशर, मग पंप काढून पटकन खालचा, नवीन वॉशर. थोडं सांडणारच.

पंखा काढा. शाफ्टला तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) गुंडाळलेला असतो, दिसत नाही पण असतो, तोच सील कापतो. काढला की मरीन ग्रीस, नवी स्प्लिट पिन, पंखा परत.

वापरलेलं तेल बाटलीत भरून गॅरेजला द्या, खाडीत नको, मालवणसमोरचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि नसतं तरी आपण तिथलेच मासे खातो.

बाकी पटापट: टाकीतलं पेट्रोल काढा, बॅटरी घरात, मोटर उभीच ठेवा म्हणजे पाणी साठत नाही, वरून प्लास्टिक घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. तारीख आणि तास कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करने. होडी पुन्हा पाण्यात गेली की पहिल्या फेरीनंतर मोटरचा पाय वर उचलून दोन्ही स्क्रूंवरून बोट फिरवा, तेल लागलं तर दुसरी फेरी मारू नका.