गावात आपली श्रद्धा वेगळी असेल तेव्हा कसे राहावे

विदर्भातील खेड्यात ज्या कुटुंबाची श्रद्धा बहुसंख्य गावकऱ्यांहून वेगळी असते, त्याला परकेपणा जाणवतो तो वर्गणीची वही घेऊन मंडळी ओसरीवर येतात तेव्हा, सप्ताहाच्या काल्याचा प्रसाद तळहातावर ठेवला जातो तेव्हा, शाळेत सरस्वतीपूजनासाठी नेमके आपल्याच मुलीला पुढे बोलावले जाते तेव्हा, किंवा घरात मयत होते आणि माती कुठे द्यायची हे कोणालाच सांगता येत नाही तेव्हा. यांतील मरण सोडले तर बाकीचे प्रसंग ठरलेल्या तिथीला येतात, आणि मरण केव्हातरी येणार हेही ठरलेलेच असते. म्हणून प्रत्येक प्रसंगी आपण कुठवर जाणार हे घरात बसून आधी ठरवावे, आणि ज्याच्याशी संबंध येणार त्याला ते आधी, एकांतात सांगावे. ऐनवेळी चारचौघांत दिलेला नकार समोरच्याला आपल्या मानावरच घाव वाटतो, आणि मग तुमची श्रद्धा काय आहे हे ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत कोणी राहत नाही.

आमचे घर महानुभाव पंथाचे आहे आणि गावात पंथाची घरे अगदी मोजकी आहेत. श्रीकृष्ण आम्हीही भजतो, पण पंचकृष्णांखेरीज, म्हणजे पंथाने मानलेल्या पाच अवतारांखेरीज, अन्य देवतांची पूजा करत नाही आणि त्यांचा प्रसादही घेत नाही. त्यामुळे शेजाऱ्यांना आमचे वागणे अधिकच अनाकलनीय वाटते; देव जर एकच, तर मारुतीच्या पारावर नारळ का ठेवत नाही, असे ते मनापासून विचारतात. बौद्ध कुटुंब, मेळघाटातील ख्रिस्ती कोरकू कुटुंब, गावातील दोन-चार मुस्लिम घरे, पेनठाण्याला, म्हणजे गोंडांच्या देवस्थानाला, मानणारे पण नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी राहायला गेलेले गोंड कुटुंब, किंवा कोणताच देव न मानणारा एकटा तरुण, या प्रत्येकाला पडणारे प्रश्न थोडे निराळे असतात, तरी ते ज्या प्रसंगी पडतात ते प्रसंग बहुतेक तेच असतात.

विदर्भ एकाच श्रद्धेचा कधीच नव्हता, हे आधी मनात पक्के करावे. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर तेराव्या शतकापासून महानुभावांचे श्रद्धास्थान आहे. वाशीम जिल्ह्यात शिरपूरला जैनांचे अंतरिक्ष पार्श्वनाथ आहेत, पोहरादेवीला रामनवमीस बंजारा समाज लोटतो, गोंदिया जिल्ह्यातील कचारगडला माघ पौर्णिमेच्या सुमारास गोंड समाजाची यात्रा भरते, नागपूरच्या ताजबागेत हिंदू आणि मुस्लिम दोघेही चादर घेऊन जातात, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. जिल्ह्याच्या पातळीवर हे वैविध्य सहज दिसते. गावाच्या पातळीवर मात्र आपण एकटे पडतो, आणि राहायचे तर गावातच असते.

घरातली सीमा आधी ठरवा

नवरा-बायको, म्हातारी माणसे आणि जाणती मुले यांनी एकत्र बसून गावच्या वर्षभरातील कार्यक्रमांचा विचार करावा, आणि प्रत्येकात पूजा कोणती, काम कोणते आणि नुसती सोबत कोणती हे वेगळे करून पाहावे. बहुतेक सणांत हे तिन्ही मिसळलेले असतात. सगळेच स्वीकारले तर मनाला टोचणी लागते आणि सगळेच नाकारले तर माणसे तुटतात. तरीही ते वेगळे करण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही.

पोळ्याचे उदाहरण घ्या. आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी होते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला तूप-हळद चोळून ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असे म्हटले जाते. यात जनावराची सेवा आणि कृतज्ञता आहे, आणि ती कोणत्याही श्रद्धेच्या शेतकऱ्याला करता येते. दुसऱ्या दिवशी बैल सजवून आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभे करतात, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हटल्या जातात. इथे आपली जोडी घेऊन उभे राहणे म्हणजे गावात आपण शेतकरी म्हणून उभे राहणे आहे. पोळा फुटल्यावर बैल मारुतीच्या देवळापुढे नेतात आणि घरोघरी त्यांची पूजा होते; हा भाग उपासनेचा आहे. बैल राखणाऱ्या गड्याला बोजारा दिला जातो, तो त्याच्या कष्टाचा मान आहे आणि तो देण्यात कोणाचीच श्रद्धा आड येत नाही. महानुभाव किंवा ख्रिस्ती शेतकरी यांतला उपासनेचा भाग सोडून बाकी सर्व करू शकतो. ज्या बौद्ध कुटुंबाला धम्म स्वीकारताना घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांमुळे तोरणाखाली जाणेही योग्य वाटत नाही, त्याने घरी बैलांना अंघोळ घालून, सजवून, गोडधोड चारावे आणि गड्याला बोजारा द्यावा. कोणाची सीमा कुठे असावी हे दुसऱ्याने सांगू नये, मीही सांगत नाही. ती एकदा ठरली की दरवर्षी तीच ठेवावी, एवढा आग्रह मात्र धरतो. एका वर्षी देवळापुढे नारळ फोडला आणि पुढच्या वर्षी नकार दिला, तर गावाला त्यात श्रद्धा दिसत नाही, रुसवा दिसतो.

सीमा ठरवताना घरातील बायकांचे म्हणणे आधी ऐकावे, कारण अवघड निमंत्रणे त्यांनाच येतात. भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात तेव्हा शेजारीण सवाष्ण म्हणून जेवायला बोलावते. आंबील, सोळा भाज्या, पुरणपोळी असा बेत असतो आणि बोलावण्यात निखळ प्रेम असते. पुरुषाला वर्गणी नाकारणे सोपे आहे. रोज एका बोअरवर पाणी भरणाऱ्या बाईने हे जेवण नाकारणे फार कठीण आहे. अशा वेळी निमंत्रणाच्या आधीच्या आठवड्यात, निवांत असताना म्हणावे, ‘काकू, महालक्ष्म्यांच्या दिवशी मी सवाष्ण म्हणून पाटावर बसणार नाही, आमच्यात तो नैवेद्य चालत नाही. पण आदल्या दिवशी भाज्या निवडायला येईन, आणि दुसऱ्या दिवशी चहाला येते.’ यात नकाराचे कारण एका वाक्यात आहे, वाद घालण्यासारखे काही नाही, आणि हाताने करायचे काम पुढे केलेले आहे. काकूंना वाईट वाटेलच. तरी ऐनवेळी रिकाम्या राहिलेल्या पाटाकडे पाहून जे वाटले असते, त्याहून ते पुष्कळ कमी असेल. लग्न होऊन वेगळ्या श्रद्धेच्या घरात आलेल्या मुलीला तर ही सीमा सासरच्या उंबऱ्याच्या आतच आखावी लागते. तिच्या बाजूने बोलणे हे नवऱ्याचे काम आहे. त्याने ते आईवर किंवा बायकोवर ढकलू नये.

वर्गणी, प्रसाद आणि शाळा

वर्गणी ही स्वेच्छेची असते, कर नव्हे, हे खरे असले तरी ओसरीवर आलेल्या मंडळींना कायदा ऐकवून काही साधत नाही. दुर्गादेवी, शारदा किंवा गजानन महाराज प्रगटदिनाचा भंडारा यांपैकी काही यायच्या आधीच प्रमुख कार्यकर्त्याला गाठून सांगावे, ‘भाऊ, पूजेच्या खात्यात माझे नाव लिहू नका, पिण्याच्या पाण्याचा टँकर त्या दिवशी माझ्याकडून.’ मूर्तीसाठी पैसे देणे ज्याच्या मनाला पटत नाही, त्यालाही जमलेल्या माणसांना पाणी पाजणे सहसा पटते. एवढेही नको असेल तर नम्रपणे नाही म्हणावे आणि शाळेच्या किंवा पांदण रस्त्याच्या कामाला मात्र हात आखडता घेऊ नये.

प्रसाद हातावर पडलाच तर तो खाली टाकू नये, कोणाच्या देखत दुसऱ्याला देऊनही टाकू नये. शक्य असेल तर वाढणाऱ्यालाच हात जोडून थांबवावे.

शाळेबाबत पालकांना राज्यघटनेचा स्पष्ट आधार आहे. अनुच्छेद २८ नुसार पूर्णतः सरकारी पैशातून चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणत्याही विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षण घेण्यास वा उपासनेत सहभागी होण्यास त्याच्या, किंवा तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीशिवाय भाग पाडता येत नाही. हा अनुच्छेद माहीत असावा, पण पहिल्याच भेटीत मुख्याध्यापकांपुढे ठेवू नये. जून महिन्यात शाळा सुरू होताच वर्गशिक्षकांना भेटून सांगावे, ‘सर, पूजेच्या वेळी माझी मुलगी रांगेत शांत उभी राहील, पण तिला पूजा करायला सांगू नका.’ बहुतेक शिक्षक हे एका भेटीत समजून घेतात. खरा त्रास मुलीला सोबतिणींच्या प्रश्नांचा होतो, आणि त्यासाठी तिला एक छोटे, खरे, कोणाला न दुखावणारे उत्तर घरी शिकवून ठेवावे लागते: ‘आमच्या घरी वेगळी प्रार्थना असते.’ ‘त्यांचे खोटे असते’ असे घरातल्या मोठ्यांनी तिच्या कानावर पडू देऊ नये, कारण ते वाक्य दुसऱ्या दिवशी वर्गात बोलले जाते.

मयतीची व्यवस्था जिवंतपणी

याविषयी मी सर्वांत आग्रहाने लिहीत आहे. महानुभाव पंथात भूमिदागाची, म्हणजे मृतदेह पुरण्याची, परंपरा आहे, ख्रिस्ती आणि मुस्लिम समाजांत दफन आहे, काही आदिवासी कुटुंबांतही पुरण्याची रीत आहे. आणि पुष्कळ खेड्यांत स्मशानभूमी म्हणजे दहनाचा एक ओटा आणि त्यावरचे टिनाचे शेड एवढीच असते. मरण आले की काही तासांत निर्णय घ्यावा लागतो, घरची माणसे रडत असतात, आणि त्याच वेळी कुणीतरी ‘इथे नको’ म्हणतो. तो अपमान पिढ्यानपिढ्या विसरला जात नाही. म्हणून घरात सगळे धडधाकट असतानाच जागेचा प्रश्न सोडवून ठेवावा. दहन-दफनाच्या जागांची व्यवस्था हे ग्रामपंचायतीचे काम आहे. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांना लेखी अर्ज द्यावा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी, आणि विषय ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घेण्याची विनंती करावी. गावाला लागून ई-क्लासची जमीन असेल तर ती सरकारी असल्याने ठराव महसूल खात्याकडे, म्हणजे तहसीलदारांमार्फत पुढे जावा लागतो. आजूबाजूच्या चार गावांतील आपल्या श्रद्धेची कुटुंबे मिळून एकच जागा मागत असतील, तर मागणीला वजन येते. तोवर सोय म्हणून स्वतःच्या शेतात माती देण्याचा विचार असेल, तर भाऊबंदांची संमती आणि पंचायतीची लेखी परवानगी आधी घ्यावी.

दुसऱ्याच्या घरी मयत झाली तर मात्र श्रद्धेचा विचार मनात न आणता जावे. लाकडे आणणे, खांदा देणे, पाहुण्यांना पाणी देणे, दुखवट्याच्या घरी पहिल्या दिवशी पिठले-भाकर पोचवणे, यांपैकी कशासाठीही कोणती पूजा करावी लागत नाही. मयतीला कोण आले होते हे गाव लक्षात ठेवते.

प्रश्न श्रद्धेचा नसून जातीचा किंवा बहिष्काराचा असेल तर

आतापर्यंत जे लिहिले ते अवघडलेपणाविषयी आहे. एखाद्या बौद्ध कुटुंबाला पंगतीत वेगळे बसवले जाते किंवा विहिरीवर अडवले जाते, तेव्हा त्याची श्रद्धा हा निव्वळ बहाणा असतो आणि मूळ गोष्ट जातीची असते. तिथे गोड बोलण्याचा माझा कोणताही सल्ला लागू नाही. अनुसूचित जाती-जमातींतील कुटुंबांना १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण आहे, आणि सामाजिक वा आर्थिक बहिष्कारही त्यात गुन्हा आहे. आपल्याच समाजाने, उदाहरणार्थ पंथ बदलला किंवा परंपरा सोडली म्हणून, वाळीत टाकले असेल, तर महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. किराणा देणे बंद केले, मजूर येऊ दिले नाहीत, चक्कीवर दळण नाकारले, अशी प्रत्येक गोष्ट तारीख, वेळ आणि हजर असलेल्यांच्या नावांसह वहीत लिहावी, आणि पोलीस ठाण्यात तक्रार लेखी द्यावी. पोलीस पाटलाला कळवणे ठीक आहे, पण तेवढ्यावर थांबू नये. अंगावर येण्याची भीती असेल तर ११२ क्रमांकावर फोन करावा.

आपल्या माणसांचा आणि गावाचा सहवास

नुसत्या सीमा सांभाळून मन भरत नाही. महिन्यातून एकदा तरी आपल्या श्रद्धेच्या माणसांत बसावे, मग ते तालुक्याचे विहार असो, चर्च असो, रिद्धपूर असो किंवा शेजारच्या गावातील एखादे घर असो. एसटीचे भाडे आणि बुडणारी मजुरी हा खर्च खरा आहे, म्हणून दोन-तीन कुटुंबांनी पाळीपाळीने एकमेकांकडे जमावे. विवेकवादी तरुणांना हे अधिक कठीण जाते, कारण त्यांच्याकडे ठरलेली तिथीही नसते. त्यांनी वाचनालय किंवा रक्तदान शिबिर यांसारखे काम धरावे, तिथे समविचारी माणसे आपोआप भेटतात. पुष्कळ गावांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतील सामुदायिक प्रार्थना होते आणि तिथे बसायला कोणत्याही पंथाच्या माणसाला मोकळीक असते. ज्यांच्या श्रद्धेत ती बसते त्यांनी जरूर जावे. ज्यांच्या बसत नाही त्यांनी स्वच्छतेच्या फेरीत सामील व्हावे.

आणि आपल्या सणाला गावाला बोलवावे. भाद्रपद शुद्ध द्वितीयेला चक्रधर स्वामींचा अवतारदिन, बुद्ध पौर्णिमा, नाताळ, ईद, जे आपले असेल त्याला पाच-सात घरे सांगावीत, पूजेची किंवा प्रार्थनेची वेळ वेगळी ठेवावी आणि जेवणाची वेळ वेगळी सांगावी, म्हणजे येणाऱ्यालाही आपल्यासारखीच निवड करता येते. स्वयंपाक सर्वांना चालेल असा करावा. पहिल्या वर्षी दोनच घरची माणसे आली तर तेवढ्यांना नीट वाढावे, आणि जे आले नाहीत त्यांना पुढच्या वर्षी पुन्हा सांगायला जावे.