सेफ्टीची कागदं ऑडिटच्या आदल्या रात्री नका करू

बऱ्याच टीम्समध्ये आयएसओ २६२६२ (गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्स आणि सॉफ्टवेअरच्या सेफ्टीचं स्टँडर्ड) म्हणजे शेवटी भरायची एक्सेल शीट. कोड आधी होतो, ऑडिटची तारीख आली की मग मागे जाऊन रिक्वायरमेंट लिहायच्या, सगळं वरातीमागून घोडं. हे बदलायचं तर अख्खी गाडी डोक्यावर घेऊ नका, एकच फीचर उचला. मी पॉवर विंडो घेतो.

पहिलं काम हॅझर्ड अॅनालिसिस, म्हणजे काय बिघडलं तर कोणाला धोका ते शोधणं. पोराचा हात बाहेर आहे आणि काच आपोआप वर निघाली, तर इजा किती गंभीर, असा प्रसंग कितीदा येऊ शकतो आणि माणसाला तो टाळता येईल का, या तिघांवरून एसिल, म्हणजे धोक्याची पातळी, ठरतं, ए (सर्वात सौम्य) ते डी (सर्वात कडक), नाहीतर क्यूएम, म्हणजे नेहमीची क्वालिटीची शिस्त पुरते. अक्षरावरून भांडत बसण्यापेक्षा ते का आलं ते तिथेच लिहा, नंतर कोणाला आठवत नाही.

मग रिक्वायरमेंट. "काहीतरी अडकलं तर काच थांबावी" याची टेस्ट कशी करणार? यूएनचा आर२१ आणि अमेरिकेचा एफएमव्हीएसएस ११८ हे गाड्यांचे सेफ्टी नियम बघा, ऑटो काचेसाठी दोन्हीकडे ४ ते २०० मिमी फटीत जोर १०० न्यूटनच्या वर जायच्या आत काच उलटी फिरली पाहिजे, हे टेस्टर गेज लावून मोजू शकतो. खरी गंमत पुढे आहे. थंडीत रबर कडक होतं, बॅटरी पडलेली असते, मोटर हळू फिरते, हॉल सेन्सरचे (मोटर किती फिरली ते चुंबकावरून मोजणारा) पल्स लांबतात आणि सॉफ्टवेअरला वाटतं हात अडकला, काच उगाच खाली येते, कस्टमर बोंबलतो, मग कोणीतरी कॅलिब्रेशनमध्ये (कोड न बदलता बदलता येणारे आकडे) हात अडकल्याचा थ्रेशोल्ड गुपचूप वाढवतो आणि १०० न्यूटन गेले उडत! म्हणून कॅलिब्रेशनच्या आकड्यालाही कोडसारखाच रिव्ह्यू आणि रिग्रेशन टेस्ट ठेवा.

मिस्रा चेकर (सी कोडचे सेफ्टीचे नियम तपासणारं टूल) जुन्या कोडवर लावला तर वॉर्निंगचा पाऊस पडतो आणि लोक तो बंदच करून टाकतात. आजच्या वॉर्निंग बेसलाइन म्हणून गोठवा, नवीन एक जरी आली तरी बिल्ड फेल. मॅलॉक (चालू असताना मेमरी मागणं) आणि रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) तर नकोच, आणि डेव्हिएशन, म्हणजे एखाद्या नियमातून सूट, घ्यायचंच असेल तर कारण आणि सही दोन्ही हवं.

वॉचडॉगला, म्हणजे ठरल्या वेळेत किक (मी जिवंत आहे असा इशारा) आली नाही तर कंट्रोलर रीसेट करणाऱ्या घड्याळाला, टायमरच्या इंटरप्टमधून किक करू नका (अजूनही सर्रास दिसतं हे). मेन टास्क लटकला तरी इंटरप्ट चालूच राहतो, वॉचडॉगच्या लेखी सगळं आलबेल. प्रत्येक टास्कने आपला फ्लॅग लावायचा, सगळे आले तरच किक.

शेवटी बेंचवर काच वर जात असताना हॉल सेन्सरची वायर उपटा. ऑटो-अप बंद होऊन, बटण दाबून धरलं तरच काच हलते का बघा, आणि ही सेफ स्टेट रिक्वायरमेंटमध्ये आधीच लिहिलेली आहे का तेही. त्या टेस्टला रिक्वायरमेंटचा आयडी द्या, कमिट मेसेजमध्येही तोच, आणि आयडी नसेल तर सर्व्हरनेच मर्ज अडवायचं, मॅनेजरने नाही.