हवा मारताना आकडा बघा: सोलापूरच्या उन्हात टायर, प्रेशर आणि नायट्रोजन

विजापूर रोडला माझं टायरचं दुकान आहे. अलाइनमेंट, बॅलन्सिंग, पंक्चर, नायट्रोजन, सगळं एकाच शेडखाली. गाडी येऊन थांबते, काच अर्धी खाली होते आणि आतून आवाज येतो, "अण्णा, हवा मारा." किती मारू विचारलं की उत्तर ठरलेलं: "मारा की नेहमीएवढी." आणि लगेच पुढचा प्रश्न, "नायट्रोजन मारू का साधी?"

मी नायट्रोजन विकतो, तरी सांगतो, की हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न आकड्याचा. टायरमध्ये कुठला वायू आहे यापेक्षा तो किती आहे आणि कधी मोजला यावर तुमचा टायर टिकतो.

आकडा कुठं सापडतो? ड्रायव्हरचा दरवाजा उघडा. दरवाजा जिथं बसतो त्या खांबावर एक स्टिकर असतो. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो, आणि गाडीसोबतच्या पुस्तकात तर असतोच. पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे वेगळे असू शकतात. बऱ्याच स्टिकरवर दोन रकाने असतात, एक दोन-तीन माणसांसाठी, दुसरा गाडी भरलेली असताना. एकटे कामावर जाताय तेव्हाचा आकडा आणि घरचे सगळे, वर डिकीत सामान घेऊन पंढरपूरला निघालाय तेव्हाचा आकडा एक नसतो. मागच्या चाकांत तर हमखास जास्त हवा लागते, आणि नेमकं हेच कुणी बघत नाही. आकडे कधी किलोपास्कलमध्ये, कधी बारमध्ये असतात. २३० किलोपास्कल म्हणजे २.३ बार, म्हणजे साधारण ३३ पीएसआय. आपल्याकडे सगळे पीएसआयच बोलतात, मीही पुढं तेच बोलतो.

टायरच्या अंगावर मात्र आकडा शोधू नका. तिथं "मॅक्स" लिहून ४४ किंवा ५१ असतं. ती टायरची कमाल मर्यादा आहे, तुमच्या गाडीची गरज नव्हे. तेवढी हवा भरली तर टायर मधूनच रस्त्याला टेकतो, मधलीच नक्षी झिजते, ब्रेकला पकड कमी मिळते आणि खड्ड्यात टायरला दणका जोरात बसतो. कंपनीचे टायर काढून वेगळ्या मापाचे टायर किंवा अलॉय बसवले असतील, तर जुना स्टिकर जसाच्या तसा लावू नका. टायरवाल्याकडून नव्या मापाचा आकडा ठरवून घ्या.

आता कधी मोजायची ते. थंड टायरवर. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचाच असतो. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी आहे, किंवा फार तर दोन-तीन किलोमीटर हळू चालून आली आहे. सोलापुरात मार्च ते मे सकाळी लवकर मोजा, ऊन चाकावर यायच्या आत. गाडीची एक बाजू उन्हात आणि दुसरी भिंतीच्या सावलीत असेल तर उन्हातली दोन चाकं एक-दोन पीएसआय जास्त दाखवतात. गिऱ्हाईक म्हणतं सावलीतल्या चाकांत गळती आहे. गळती नसते, ऊन असतं.

हिशोब सोपा आहे. टायरमधली हवा पाच-सहा अंशांनी तापली की साधारण एक पीएसआय वाढतो. पहाटे २७ अंशांत ३३ भरून तुम्ही पुण्याहून निघालात आणि भर दुपारी सोलापुरात पोचलात. वर बेचाळीस अंश, खाली तापलेला रस्ता, शिवाय टायर स्वतः फिरून तापलेला. गेज ३७-३८ दाखवतं. हे बरोबर आहे. कंपनीनं ही वाढ धरूनच स्टिकर छापलेला असतो.

इथं माझी रोजची हुज्जत होते. "अण्णा, अडतीस झालीय, फुटेल. पाच काढा." मी काढत नाही, आणि तुम्हीही कुणाला काढू देऊ नका. गरम टायरमधली हवा ३३ वर आणली की दुसऱ्या दिवशी सकाळी ती २८ भरते. आणि तुम्ही त्याच २८ वर हैदराबादला निघता.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची, हा आपल्याकडचा समज मला सगळ्यात जास्त छळतो, कारण तो चांगली माणसं चांगल्या हेतूनं पाळतात. टायर बहुतेक वेळा जास्त हवेनं फुटत नाही, कमी हवेनं फुटतो. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेरीला दबते आणि सुटते. शंभरच्या वेगात हे सेकंदाला तेरा-चौदा वेळा होतं, नक्की किती ते चाकाच्या मापावर. लोखंडी तार तुम्ही एकाच जागी वाकवत राहिलात की ती हाताला चटका देते, तसंच आहे हे. रबर आतून तापतं, थर सुटतात, आणि गाडी भरलेली व वेग जास्त असेल तर भिंत फाटते. कमी हवेवर पळालेला टायर मी रिमवरून उतरवतो तेव्हा आत काळा भुसा सापडतो, रबराचा, बोटाला चिकटणारा. भिंतीवर आतून गोल रेघ उठलेली असते. बाहेरून तो टायर नव्यासारखा दिसतो. असा भुसा दिसला की पंक्चर काढून तो परत बसवायचा नाही, मालक कितीही म्हणाले तरी. पंक्चर झाल्यावर खाली बसलेल्या टायरवर "पुढच्या दुकानापर्यंत" गाडी ओढणाऱ्यांच्या टायरचंही हेच होतं.

गरम टायरवर मोजायची वेळ आलीच, समजा सावळेश्वरच्या टोल नाक्याच्या पुढं गाडी एका बाजूला ओढतेय असं वाटलं, तर गरम आकडा स्टिकरपेक्षा तीन-चारनं जास्त असायला हवा. तो स्टिकरएवढाच किंवा खाली असेल तर हवा खरंच कमी आहे. स्टिकरपेक्षा तीन-चार जास्त होईल एवढी भरा आणि दुसऱ्या सकाळी थंडवर पुन्हा बघा. चारांपैकी एकच चाक दोन-तीन पीएसआयनं मागं असेल तर खिळा शोधा.

मोजायची पद्धत फार काही नाही. वॉल्व्हची टोपी काढा, गेज सरळ दाबा, फुस्स आवाज थांबला पाहिजे, मग आकडा वाचा. भरल्यावर परत मोजा. वॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब सोडा. बुडबुडा धरला तर आतली पिन गळतेय. ती स्वस्तात बदलून मिळते, त्यासाठी टायर उतरवायलाही लागत नाही. टोपी परत लावा. आपल्याकडची धूळ पिनेत बसली की ती नीट मिटत नाही. स्वतःचं एक डिजिटल गेज डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. दुकानातली गेज दिवसभर हातातून पडतात, पंपावरचीही तशीच. तुमचं गेज अर्ध्या पीएसआयनं चुकलं तरी चालेल, ते रोज सारखंच चुकतं. पेट्रोल पंपावर हवा मोफत मिळते, ती द्यायला पंप बांधील आहे. पण आकडा तुम्ही उतरून बघायचा.

पंधरा दिवसांनी एकदा, आणि लांबच्या प्रवासाच्या आदल्या सकाळी. ठीक असलेला टायरही हळूहळू हवा सोडतो. गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास, जानेवारीच्या थंडीत, सकाळी आकडा आणखी दोन-तीननं खाली आलेला दिसतो. तेव्हा भरून घ्या. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागायची वाट बघू नका, तो बऱ्यापैकी हवा गेल्यावरच लागतो.

आता नायट्रोजन.

साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, २१ टक्के ऑक्सिजन, उरलेला आर्गॉन वगैरे. माझं मशीन बाहेरचीच हवा घेतं, त्यातला ऑक्सिजन आणि ओल वेगळी काढतं आणि ९५ टक्क्यांच्या आसपासचा नायट्रोजन टाकीत भरतं. फायदे खरे आहेत. ऑक्सिजन रबरातून जरा लवकर झिरपतो, नायट्रोजन हळू. त्यामुळं हवा जास्त दिवस टिकते. ओल नसते, म्हणून रिम आतून गंजत नाही आणि गरम झाल्यावर वाफेमुळं प्रेशर वेडंवाकडं हलत नाही. विमानाच्या टायरमध्ये नायट्रोजन भरतात तो आगीच्या आणि स्फोटाच्या भीतीनं. १९८६ साली मेक्सिकोत मेक्सिकाना कंपनीच्या बोइंग ७२७ चा ब्रेक तापला, साधी हवा भरलेला टायर फुटला आणि १६७ माणसं गेली. पण विमानाच्या चाकावरची उष्णता आपल्या डिझायरच्या वाट्याला येत नाही.

आणि जे फायदे नाहीत तेही ऐका. नायट्रोजन तापल्यावर वाढत नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कोरडी हवा आणि नायट्रोजन उन्हात जवळजवळ सारखेच वाढतात. मायलेजही त्यानं आपोआप वाढत नाही, ते बरोबर प्रेशरनं मिळतं. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक मासिकानं ३१ प्रकारचे टायर ३० पीएसआयला भरून वर्षभर बाहेर ठेवले होते. हवा भरलेल्यांतून सरासरी ३.५ पीएसआय गेले, नायट्रोजनवाल्यांतून २.२. वर्षभरात फरक सव्वा पीएसआयचा. दर पंधरा दिवसांनी गेज लावणाऱ्याला हा फरक जाणवणारही नाही. गाडी महिनोन्‌महिने उभी राहते, रिम महागडे आहेत किंवा चाकात प्रेशर मोजणारे सेन्सर आहेत, त्यांनी जरूर भरावा.

भरायचाच तर नीट भरून घ्या. गाडी जॅकवर घेतात, पिन काढून टायर रिकामा करतात, भरतात, परत सोडतात, परत भरतात. याचं कारण आकड्यातच आहे. टायर पूर्ण सोडला तरी आत वातावरणाएवढी हवा उरते. ३३ पीएसआयला भरलेल्या टायरमध्ये ती जवळपास तिसरा हिस्सा होते. म्हणून एकदाच भरल्यावर आत नायट्रोजन नव्वद टक्क्यांच्या आसपास येतो, दुसऱ्यांदा सोडून भरल्यावर ९३ च्या वर जातो. कुणी २५ वरच्या टायरला नळी लावून वरचे आठ भरले आणि नायट्रोजनची खूण म्हणून हिरवी टोपी बसवली, तर तुम्ही पैसे टोपीचे दिलेत. चार चाकं पाच मिनिटांत झाली तर समजा, की काम झालेलं नाही.

नायट्रोजन नको असेल तर निदान कोरडी हवा घ्या. पावसाळ्यात माझ्या कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा कॉक उघडला की आधी तांबूस पाणी उडतं, मग हवा येते. आम्ही रोज सकाळी ते सोडतो. जिथं सोडत नाहीत तिथलं पाणी तुमच्या टायरमध्ये जातं. दुकानदाराला विचारायला लाजू नका.

नायट्रोजनमध्ये साधी हवा मिसळली तर बिघडत नाही. रात्री उमरग्याच्या पुढं प्रेशर कमी दिसलं आणि जवळ साधाच पंप असेल, तर बिनधास्त साधी मारा. नायट्रोजन मिळेपर्यंत कमी हवेवर गाडी पळवणं, हे कुठल्याही मिश्रणापेक्षा वाईट.

टायरची झीजही बघत चला. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी राहतेय, मधली पट्टी झिजली तर जास्त, आणि एकच कड गेली असेल तर हवेला दोष देऊ नका, अलाइनमेंट करून घ्या. खाचेची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्यानंही टायर बाद.

आणि हवा मारून झाली की डिकी उघडायला सांगा. स्टेपनीत दोन-तीन पीएसआय जास्तच ठेवा, ती महिनोन्‌महिने कुणी बघत नाही. नव्या गाड्यांत बारीक, तात्पुरती स्टेपनी असते. तिच्यावर बहुतेक ६० पीएसआय लिहिलेलं असतं, आणि तिथं मात्र तेवढेच भरायचे. ती लावून ८० च्या वर जायचं नाही, आणि पहिल्या टायरच्या दुकानात थांबायचं.